टॅपेटची टिकटिक

हा आवाज ऐका. टिक, टिक, टिक.

बडोद्यात दांडिया बाजारामागच्या गल्लीत एक ओपेल अ‍ॅस्ट्रा उभी आहे. १९९६ पासून ही गाडी इथून चाळीसेक किलोमीटरवर, हालोलला बनायची. इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतंय. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने फिरते, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला हा एकच टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतोय.

"काका, गॅप लावू?" पोऱ्या फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन येतो. काका मान हलवतात. अ‍ॅम्बॅसेडरला टॅपेटची फट हाताने लावायची, इथे गॅपच नाही. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे रॉकरच्या, एका टोकाखाली हायड्रॉलिक लिफ्टर बसतो; इथला टॅपेट तोच. त्याच्या पोटात इंजिनाचं ऑइल दाबाने भरतं, आतली बारीक गोळी ते परत जाऊ देत नाही आणि फट आपोआप मिटते. कॅडिलॅकने १९३० साली सोळा सिलिंडरच्या इंजिनात ही युक्ती आणली, गाडी मुकाट चालावी म्हणून. लिफ्टर चोख काम करत असला तर तो आहे हेही कळत नाही.

काका लगेच पाना उचलत नाहीत. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थोडा वेळ वाजली तर चालतं. लिफ्टरमधलं ऑइल उतरलेलं असतं. गरम झाल्यावरही वाजली, तर दुखणं खरं. तापून पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या लिफ्टरमधून निसटतं. आणि सगळेच वाजत असतील, तर आधी ऑइलची पातळी आणि प्रेशर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानाला. आवाज तिसऱ्या सिलिंडरवर.

या इंजिनात कॅमशाफ्टचं घर हेडच्याच, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्याच, बोल्टांनी आवळलेलं असतं. ते उघडलं की हेड पॅकिंगही नवं घालावं लागतं. म्हणून काका स्प्रिंग दाबायचं हत्यार लावतात आणि रॉकर सोडवून घेतात. प्रत्येक लिफ्टर आपल्या जोडीच्या रॉकरसह अंड्यांच्या ट्रेमध्ये, खडूने नंबर घालून. (या गल्लीत अंड्यांचा ट्रे दिसला की दोन माना वळतातच.)

तिसऱ्या सिलिंडरचा लिफ्टर अंगठ्याखाली दबतो. ऑइल भरलेला चांगला लिफ्टर दगडासारखा कडक लागतो. मग कॅमच्या, म्हणजे कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याच्या, नाकावरून नख. अडकलं असतं तर नुसत्या लिफ्टरवर भागलं नसतं.

घासलेटात धुऊन आवाज जातो कधी कधी, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही. शिवाय आठही लिफ्टर सारखेच पळालेत. एकच बदलायचा म्हणजे महिन्याभराने पुन्हा इथेच. मालक कुरकुरतात, आठांवर तयार होतात.

नवे लिफ्टर स्वच्छ ऑइलात दाबून आतली हवा काढली जाते. बसवल्यावर अर्धा तास स्टार्टरला हात नाही. लिफ्टर जादा भरलेला राहिला तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही.

गाडी सुरू होते आणि पुन्हा टिकटिक. मालकांचा चेहरा पडतो. काका चहा मागवतात. अर्धा कप संपेतो आवाज विरळ होतो, मग जातो.

मालक बॉनेटवर वाकतात. "बंध थई गई?"

"चालू छे," काका म्हणतात.