चिलखतातला बाप

नमस्कार श्रोतेहो.

१८८२ साली आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते, तिथे त्यांनी शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतलं. पुढे ते ‘विकारविलसित’ नावाने छापलं गेलं, हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आणि गणपतराव जोशींनी तो रंगभूमीवर गाजवला. नाटक सूडाचं. काकाने बापाचा खून केला, गादी घेतली, आईशी लग्न लावलं. बापाचं भूत येऊन मुलाला सांगतं, सूड घे. मला मात्र हे नाटक हातात घेतलं की दर वेळी वेगळाच प्रश्न पडतो. या बापाने पोराला कधी कडेवर तरी घेतलं होतं का?

हसू नका. भूत येतं तेच मुळी चिलखत घालून. नॉर्वेच्या राजाला द्वंद्वात मारलं तेव्हा अंगावर होतं, तेच चिलखत. आणि पाचव्या अंकात कबर खणणारा सहज बोलून जातो की ते द्वंद्व झालं त्याच दिवशी हॅम्लेट जन्मला. पोर जन्मलं तेव्हा बाप रणात, आणि मेल्यावर भेटायला आला तोही रणातल्याच वेशात! ‘कसा आहेस रे बाळा’ वगैरे काही नाही. आपली हकिगत, आपलं दुःख, मग हुकूम, आणि जाता जाता ‘मला विसरू नकोस’.

मुलगा विसरत नाही. पण त्याला आठवतं काय? हायपेरिअनचे कुरळे केस, जुपिटरचं कपाळ, मार्सचे डोळे, सगळे ग्रीक-रोमन पुराणातले देव. देव्हाऱ्यातल्या तसबिरीचं वर्णन करावं तसं. बापलेकांची घरातली अशी एक आठवण नाही. मग कबरस्तानात एक कवटी त्याच्या हाती येते. योरिकची, तेवीस वर्षांपूर्वी मेलेल्या दरबारी विदूषकाची. आणि हॅम्लेट एकदम वेगळंच बोलू लागतो : याने मला हजारदा पाठुंगळी घेतलं, इथे ते ओठ होते, त्यांचे मी किती मुके घेतले असतील! राजाने द्यायचं ते विदूषकाने देऊन ठेवलं होतं.

दुसरा बाप पोलोनिअस, दरबारातला मंत्री. मुलगा लेअर्टीझ पॅरिसला निघतो तेव्हा उपदेशाची पोतडी रिकामी करतो, आणि मागाहून नोकर धाडतो. पैसे आणि पत्रं पोचवायची, ते ठीक. पण त्याआधी पोराविषयी बारीकसारीक कंड्या पिकवायच्या, जुगार खेळतो, पितो, मारामाऱ्या करतो, आणि लोक त्यावर काय बोलतात ते ऐकायचं. हे शिकवता शिकवता म्हातारा मध्येच अडतो : ‘मी काय सांगत होतो बरं?’ असला बाप. तरी तो हॅम्लेटच्या हातून मारला गेल्यावर लेअर्टीझ पिसाळतो, हॅम्लेटचा गळा चर्चमध्येसुद्धा कापीन म्हणतो. त्याच्या आदल्याच अंकात हॅम्लेट प्रार्थनेला बसलेल्या काकाच्या मागे तलवार उपसून उभा होता, आणि परत फिरला. दया आली म्हणून नव्हे हं. प्रार्थनेत मेला तर थेट स्वर्गात जाईल, हा हिशोब!

शेवटी हॅम्लेट काकाला मारतो. त्या क्षणी तोंडून निघतं, ‘जा, माझ्या आईच्या मागे जा.’ आई नुकतीच विषाने गेलेली. बापाचं नाव नाही. ज्याच्या शब्दाखातर एवढी मढी पडली, ते भूतही समाधानाने दर्शन द्यायला येत नाही.

येतो तो फॉर्टिनब्रास. त्या द्वंद्वात मेलेल्या नॉर्वेच्या राजाचा मुलगा. बापासाठी त्यानेही फौज जमवली होती. त्याच्या स्वतःच्या काकाने खडसावलं, तसा गुमान दुसऱ्या मोहिमेवर गेला. आता मरता मरता हॅम्लेटनेच त्याच्या बाजूने कौल दिलाय, डेन्मार्कची गादी आयती समोर आहे. तो फर्मावतो, चार सरदारांनी हॅम्लेटला शिपाईगड्यासारखं उचला.

विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकणारं पोर ते. बाहेर त्याच्यासाठी तोफा उडतात.