यान लिफाओ: नेच्याच्या वेलीची वीण

दक्षिण थायलंडमधला नाखोन सी थम्मरात प्रांत. पाऊस भरपूर, रान दाट. झुडपांवर चढत जाणारी ही वेल म्हणजे लायगोडियम वंशातला नेचा. या वंशातले नेचे आपल्या सह्याद्रीतही उगवतात. पण त्याच्या सालीची पर्स विणावी, हे साधलं इथल्या माणसांना. वेलीला म्हणतात यान लिफाओ, आणि कलेलाही तेच.

आता विणणाऱ्यांचे हात नीट बघा. वेल ओली असतानाच सोलायची. गाभा टाकायचा, साल ठेवायची. तिच्या बारीक पट्ट्या काढायच्या. मग हे पत्र्याच्या डब्याचं झाकण, लहान-मोठी भोकं पाडलेलं. पट्टी आधी मोठ्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. दर वेळी कडा तासल्या जातात. शेवटी हाती येतो एकसारख्या जाडीचा, गुळगुळीत धागा. सगळ्यात कष्टाचं काम हेच, आणि दुकानात पर्स बघणाऱ्याला ते दिसतही नाही.

विणणं त्यानंतर. बांबू-वेताच्या सांगाड्यात टोच्याने भोक पाडायचं, धागा ओवायचा, घट्ट ओढायचा. तपकिरी आणि काळा, दोन्ही रंग वेलीचेच. नक्षी उठते ती त्यांच्याच मेळातून. बारीक विणीच्या एका पर्सेला महिने लागतात.

थायलंडचे राजा चुलालोंगकोर्न (राज्यकाळ १८६८–१९१०) यांच्या काळात या वस्तूंना बँकॉकच्या दरबारात मान मिळाला. पुढे मागणी ओसरली, घरोघरची वीण थांबत गेली. ती पुन्हा उभी राहिली, याचं मोठं श्रेय राणी सिरिकित यांचं. १९७६ साली त्यांनी सपोर्ट फाउंडेशन सुरू केलं. शेतकरी कुटुंबांना हस्तकला शिकवली, तयार माल विकायची सोय केली. परदेश दौऱ्यांवर स्वतः याच पर्सा हातात घेऊन गेल्या. आम्हाला हे त्यांचं मिरवणं फार मोलाचं वाटतं. विणलेलं कोणी विकत घेतलं, तरच बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा विणायला बसते.

आज रबर आणि तेलताडाच्या बागांनी रानाची बरीच जागा घेतली आहे. चांगली वेल शोधावी लागते. नवी मुलं बांगड्या, कानातले असं छोटं काम करतात. ते लवकर होतं, लवकर खपतं. त्याला कोणी नाक मुरडू नये. बांगडीसाठीही पट्टी त्याच झाकणातून ओढावी लागते, आणि तिथे बसलेला हात पुढे पर्सही विणू शकतो.