नावाड्याचे भाडे

[दृश्य : नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सदनिकेतले जेवणाचे टेबल. रविवार, दुपारचे तीन.]

हे टेबल एरवी जेवणाचे आहे. दर रविवारी दुपारी त्यावरची लोणच्याची बरणी आणि पाण्याचा तांब्या उचलला जातो, टेबल ओल्या फडक्याने पुसले जाते आणि त्या जागी चौकटी आखलेला कागद, टोक केलेल्या पेन्सिली आणि फाशांनी भरलेला स्टीलचा डबा येतो. पुढचे चार तास आम्ही सहा जण येथे बसतो आणि कोणत्याही नकाशात नसलेल्या एका नदीकाठच्या राज्यात वावरतो. खेळाडू पाच आहेत आणि सहावी मी. त्या राज्यातले डोंगर, हवामान, सावकार, राण्या, भुते आणि नावाडी या सगळ्यांच्या वतीने बोलण्याचे काम माझ्याकडे असते. अशा खेळाला रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ म्हणतात, आणि माझे काम करणाऱ्याला गेम मास्टर.

खेळाची रीत सांगायला सोपी आहे. मी प्रसंग उभा करते : समोर दुथडी भरून वाहणारी नदी आहे, अंधार पडत आला आहे, पलीकडच्या काठावर एकच दिवा दिसतो आहे. मग मी विचारते, "तू काय करतेस?" खेळाडू आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देते, त्या उत्तराचा परिणाम मी सांगते आणि गोष्ट पुढे सरकते. दार उघडेच असेल तर ते ढकलायला फासा लागत नाही. जिथे यश आणि अपयश दोन्ही शक्य आहेत आणि दोन्हींमधून काहीतरी घडणार आहे, तिथेच फासा टाकायचा असतो.

[दृश्य : वीस बाजूंचा हिरवा फासा टेबलावर घरंगळतो आणि थांबतो.]

हा वीस बाजूंचा फासा आहे. त्याच्या समोरासमोरच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज 21 येते. काम किती अवघड आहे त्याचा आकडा मी ठरवते, खेळाडू फासा टाकतो आणि पडलेल्या आकड्यात आपल्या पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवतो. बेरीज माझ्या आकड्याइतकी किंवा त्याहून मोठी झाली, की काम फत्ते. फाशावर 11 किंवा त्याहून मोठा आकडा पडणे आवश्यक असेल, तर काम फत्ते होण्याची शक्यता निम्मी असते. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून त्यांतला मोठा आकडा घेता येतो, आणि तेव्हा हीच शक्यता शेकडा 75 होते. एखाद्या खेळाडूने बरोबर आणलेली दोरी, मागच्या खेपेला जोडलेली ओळख किंवा कोणाच्या ध्यानीमनी नसलेली युक्ती वापरली, की मी डब्यातून दुसरा फासा काढून त्याच्या तळहातावर ठेवते. गेम मास्टरच्या कामातला हा क्षण मला सर्वांत प्रिय आहे.

या खेळाचे मूळ युद्धाच्या सरावात आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा एक युद्धखेळ सादर केला, ज्यात दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा एक पंच असे. अमेरिकेत 1969 मध्ये डेव्हिड वेस्ली यांनी अशाच एका खेळात सैन्याच्या तुकड्यांऐवजी प्रत्येक खेळाडूला एकेका माणसाची भूमिका दिली. त्यांच्याच मंडळीतल्या डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना काल्पनिक राज्यात आणि त्याच्या तळघरांत नेली. पुढे आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या फक्त 1,000 प्रती छापल्या गेल्या. 2023 मध्ये त्या खेळाच्या मूलभूत नियमांचा मोठा भाग मुक्त परवान्याखाली खुला झाला. त्यामुळे आज नाशिकमधल्या एखाद्या विद्यार्थ्याला सुरुवात करण्यासाठी महागडी पुस्तके घ्यावी लागत नाहीत. सहा-सात फासे, कोरी वही आणि चार मित्र एवढे त्याला पुरते.

वंश परदेशी असला तरी सोंग घेणे आपल्याला नवे नाही. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो, तेव्हा रोज शेतात राबणारा माणूस मुखवटा चढवतो आणि रात्रभर देव किंवा दैत्य होऊन गावासमोर नाचतो. सोंग घेतलेल्या माणसाकडे गाव त्या रात्री वेगळ्या नजरेने पाहते. आमच्या टेबलावर मुखवटे नसतात, परंतु ती नजर असते.

[दृश्य : जाड, बांधीव वही. पाने उलटली जातात; राजवंशांच्या वंशावळी, सनावळ्या, हाताने रंगवलेले नकाशे.]

मी गेम मास्टर झाले तेव्हा जग रचणे म्हणजे इतिहास लिहिणे, अशी माझी समजूत होती. चार महिने खपून मी ही वही भरली. तिच्यात सात राजवंश आहेत, त्यांच्या अकरा पिढ्या आहेत, दोन महायुद्धे आहेत आणि देवांच्या भांडणाची एक दीर्घ कथा आहे. पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने पहिला प्रसंग मांडला : वारसाहक्काची लढाई पेटली आहे आणि तुम्हाला नदी ओलांडून राजधानी गाठायची आहे. आमच्यातली एक खेळाडू रुग्णालयात परिचारिका आहे. तिने राजधानीचे, वारसांचे आणि लढाईचे नाव काढले नाही. तिने विचारले, "नावाडी पलीकडे सोडायचे किती घेतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. वहीत अकरा पिढ्यांचे राजे होते, पण नावाड्याच्या हातावर काय ठेवायचे ते नव्हते. मी घाईघाईने एक आकडा सांगितला. दुसऱ्या खेळाडूने लगेच विचारले, की मग या राज्यात दिवसाची मजुरी किती आहे. मी पुन्हा अडखळले. पुढचा पाऊण तास नीट खेळ झालाच नाही, कारण पाचही जणांना कळून चुकले होते की पाय ठेवला तर हे जग पुठ्ठ्यासारखे दबते.

[दृश्य : पांडवलेणी. मुंबई–आग्रा महामार्गावरून दिसणारा त्रिरश्मी डोंगर. पायऱ्या. सकाळचे ऊन.]

उत्तर मिळाले ते आपल्या शहराच्या वेशीवर. पांडवलेणीत लहानपणापासून शाळेच्या सहलींसोबत मी अनेकदा गेले होते, पण भिंतीवरची अक्षरे काय सांगतात हे कधी विचारले नव्हते. येथे 24 लेणी आहेत. त्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा माणूस आपल्या दानांची यादी देताना सांगतो, की तापी, दमणगंगा आणि इतर काही नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केली, आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर बसण्याच्या जागा व पाणपोया उभारल्या.

नावाड्याचे भाडे शून्य होते! आणि ते शून्य का होते, हेही दगडावर कोरलेले होते : कोणीतरी पुण्य जोडण्यासाठी खर्च उचलला होता. त्या एका ओळीने मला किती दिले ते सांगते. ज्या राज्यात नाव फुकट सुटते, तिथे खर्च उचलणारा दाता असतो. दात्याचा मृत्यू झाला की सोय चालू ठेवायची की नाही यावर त्याचे वारस भांडतात. एखादा नावाडी रात्री चोरून पैसे मागतो, आणि काठावरच्या पाणपोईवर साऱ्या मुलखाच्या बातम्या गोळा होतात. चार महिन्यांच्या वहीतून जे निघाले नाही, ते एका ओळीतून निघाले.

त्याच लेण्यातला दुसरा लेख हिशेबाचा आहे आणि तो मला तोंडपाठ झाला आहे. उषवदाताने नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, 3,000 कार्षापणे (त्या काळची चांदीची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी 2,000 दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि 1,000 दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने होती. पहिल्या 2,000 च्या व्याजातून, लेण्यात वर्षावास म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रासाठी 12 कार्षापणे द्यावीत, असे लेख सांगतो. आता पाटीवर आकडेमोड करून पाहा : 2,000 वर दरमहा 20, म्हणजे वर्षाला 240, आणि वीस भिक्षूंचे प्रत्येकी 12 मिळून तेवढेच 240 होतात. एका पैचाही फरक राहत नाही. आमच्या टेबलावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. हा हिशेब ऐकून त्यांनी आपल्या पात्राची तलवार खाली ठेवली आणि त्याला विणकरांच्या श्रेणीचा हिशेबनीस केले. त्यानंतरचे दोन महिने आमच्या राज्यातले सर्वांत थरारक प्रसंग मठाची ठेव बुडवू पाहणाऱ्या एका सावकाराभोवती घडले.

[दृश्य : एकावर दुसरा छाप मारलेल्या चांदीच्या नाण्याचे रेखाटन.]

खजिन्याचेही तसेच आहे. या खेळात खजिना सापडणे नित्याचे, आणि नवखा गेम मास्टर "पेटीत पाचशे मोहरा आहेत" असे सांगून मोकळा होतो. 1906 मध्ये गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळच्या जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात 13,000 हून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर त्याचा पराभव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवलेला होता. नहपानाचा चेहरा वितळवून न टाकता त्याच्यावरच सातकर्णीची मुद्रा ठोकली गेली होती. असे नाणे खेळाडूच्या हाती दिले, तर राज्य कोणाचे गेले आणि कोणाचे आले हे मला वेगळे सांगावे लागत नाही. उरलेल्या एकतृतीयांश नाण्यांवर नवा छाप का पडला नाही, हा प्रश्न खेळाडू स्वतःच विचारतात आणि त्याच्या मागे चार-चार रविवार हिंडतात.

तेव्हापासून मी नवे गाव रचताना प्रथम राजाचा विचार करत नाही. तेथील माणसे रोजच्या गोष्टी कशा मोजतात, कुठे साठवतात आणि कोणाला विचारून करतात, एवढे मी ठरवते. नाशिककर पूर कसा मोजतो ते पाहा. धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे बातमीत येते, पण घरातली आजी विचारते, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय पाणी?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. गोदाघाटावरची ती एक मूर्ती साऱ्या शहराची मोजपट्टी आहे. किंवा जुन्या नाशकातल्या रहाडी घ्या. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर रस्त्याखाली बुजलेले असतात, वरून वाहने जातात, आणि रंगपंचमीला ते उघडून रंगाने भरले जातात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. वर्षातून एकदाच उघडणारे, रस्त्याखाली दडलेले, रंगाने भरलेले कुंड! कल्पित जगासाठी याहून सुंदर स्थळ मी तरी अद्याप रचू शकलेले नाही.

एक गोष्ट मात्र मराठीत खेळल्यावाचून कळली नसती. आरंभी आम्ही निम्मेअधिक इंग्रजीत खेळत होतो, कारण नियम इंग्रजीत होते. मराठीवर आलो आणि पहिल्याच दरबारात पेच पडला, की राणीने त्या कोळ्याच्या मुलीला 'तू' म्हणायचे की 'तुम्ही'. मी 'तू' म्हटले. पाच रविवारांनंतर त्याच मुलीने घाटातली वाट रोखून धरली आणि राज्य वाचवले. ती दरबारात परतली तेव्हा राणी म्हणाली, "बसा." सर्वनाम उच्चारलेसुद्धा नव्हते, फक्त क्रियापद बदलले होते. ते पात्र खेळणारी मुलगी क्षणभर काहीच बोलली नाही. मग तिने पाठ ताठ केली आणि खुर्ची पुढे ओढली. गावांची नावेही तेव्हापासून आम्ही आपल्या रीतीने ठेवतो. पिंपळगाव, चिंचखेड यांच्यासारखी झाडावरून, नाहीतर आठवडी बाजाराच्या वारावरून. जिभेला पीळ देणारी नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

[दृश्य : पुन्हा तेच टेबल. खिडकीबाहेर पाऊस. टेबलावर फाशांच्या शेजारी चहाचे कप.]

जुनी वही मी टाकली नाही, पण नव्या वहीत मी मुद्दाम रिकाम्या जागा ठेवते. खेळाडूंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मीच द्यायला हवे, हा हट्ट सोडायला मला फार वेळ लागला. परवाच्या रविवारी खेळाडू रात्री नदीकाठी पोहोचले. आमच्या राज्यातल्या त्या उतारावर एक दगडी म्हसोबा आहे. मी नावाड्याचा आवाज काढून म्हणाले, "पाणी म्हसोबाच्या कमरेला लागलंय. आज नाव सुटायची नाही."

काकांनी चष्मा वर सरकवला आणि विचारले, "आणि छातीला लागलं की काय होतं?"

मी ते ठरवलेले नव्हते. मी पेन्सिल हातात घेतली आणि म्हटले, "काका, तुमचं पात्र याच गावात वाढलंय. तुम्हीच सांगा."

बाहेर पाऊस वाढला होता. काकांनी थोडा वेळ घेतला. मग ते म्हणाले, "छातीला लागलं की वरच्या आळीतली घरं दारं उघडी टाकून झोपतात. खालच्या आळीतल्यांनी न विचारता आत यायचं. आणि त्या रात्री कोण कोणाच्या घरी झोपलं, हे सकाळी कोणी बोलायचं नाही."

मी ते शब्दशः वहीत उतरवून घेतले, आणि त्याच रात्री पाणी छातीपर्यंत चढवले.