राळ, अर्क आणि ‘शुद्ध’ हा शब्द

(म्हापसा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

काजूच्या हंगामात सत्तरी-डिचोलीकडे गेलेल्या माणसाला भट्टी कुठे पेटली आहे हे विचारावे लागत नाही. वासच त्याला तिथवर घेऊन जातो. माझे बालपण अशाच एका भट्टीच्या आसपास गेले. बोंडू मळून काढलेला रस आंबला, की आजोबा तो भाणात चढवीत. पहिल्या गाळपातून हुर्राक येई आणि हुर्राकासह पुन्हा गाळले, की फेणी. फेणी उतरल्यावर ते थोडी बाटलीत घेत, तोंडावर अंगठा दाबून ती हलवीत आणि कंदिलाच्या उजेडात धरून मण्यांसारखे बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहत. त्या बुडबुड्यांवरून ते जो अंदाज सांगत, तो पुढे मापाच्या काचनळीने पडताळला तरी फारसा चुकत नसे. रसायनशास्त्राचा पहिला धडा मी तिथे शिकलो, आणि पुढे आयुष्यभर तोच विषय शिकवला.

हे सांगायचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत मुले मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. ‘सर, फेणी जर घरच्या भट्टीवर गाळता येते, तर गांज्याचा अर्क घरात थोडासा काढून तो शुद्ध करायला अशी कोणती मोठी विद्या लागते?’ विचारणारे सगळेच व्यसनी नसतात. काहींना कुतूहल असते. काहींच्या घरी दुखण्याने बेजार झालेले माणूस असते आणि कुणीतरी तेलाच्या दोन थेंबांचा उपाय सुचवलेला असतो. त्यांना रागावून गप्प करणे मला कधी पटले नाही. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. कृती मी सांगणार नाही. ‘शुद्ध’ हा शब्द इथे कसा फसवतो ते सांगणार आहे.

भांग-गांज्याच्या या वनस्पतीची चर्चा गोव्याला नवी नाही. पणजीतल्या ज्या बागेत आपण संध्याकाळी बसतो, तिला ज्याचे नाव आहे त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि त्यात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. पुढे १८३९ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील ओशॉनेसी या डॉक्टरने तिचे औषधी प्रयोग पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडले. तरीही अंमल आणणारे मूळ द्रव्य शुद्ध रूपात हाती येऊन त्याची रचना कळायला १९६४ साल उजाडले. इस्रायलमध्ये मेशुलम आणि गाओनी यांनी पोलिसांनी पकडलेल्या हशीशमधून ते वेगळे केले. त्यालाच आपण टीएचसी म्हणतो. मॉर्फिन अफूतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच निघाले होते, मग याला दीडशे वर्षे अधिक का लागली? कारण मॉर्फिन हा क्षारधर्मी पदार्थ असल्याने त्याचे स्फटिक सहज पाडता येतात. टीएचसी मात्र चिकट, तेलकट, पाण्यात न विरघळणारे आणि आपल्यासारख्याच डझनावारी भावंडांत मिसळलेले असते. ज्याच्यापुढे मोठमोठ्या प्रयोगशाळा दशकानुदशके अडल्या, ते काम स्वयंपाकघरात एका दुपारी उरकते असे कुणी म्हणाले, तर तो ‘शुद्ध’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने वापरत आहे असे समजावे.

आता भट्टीकडे परत येऊ, कारण सगळा गोंधळ त्या उपमेतच आहे. फेणी गाळताना आपल्याला जे हवे असते ते वाफ होऊन वर जाते आणि चोथा, साका, मातीचा अंश, जळकट द्रव्ये बहुतांशी भाणातच राहतात. म्हणून दुसऱ्यांदा गाळले, की माल अधिक स्वच्छ होतो. टीएचसी ज्या चिकट राळेत असते, त्या राळेच्या अर्काचा न्याय नेमका उलटा आहे. तिथे पाला एखाद्या द्रावकात, म्हणजे राळ विरघळवणाऱ्या द्रवात, बुडवला, की राळ त्यात उतरते. मग द्रावक उडवून लावतात आणि भांड्याच्या तळाशी जे उरते त्याला अर्क म्हणतात. म्हणजे जे हवे ते साक्यात असते! त्या साक्यात राळेबरोबर पानावरचे मेण असते, हरितद्रव्य असते, आणि झाडावर मारलेले कीटकनाशकही असते, कारण पुष्कळशी कीटकनाशके राळेप्रमाणेच तेलात विरघळणारी असतात. दहा ग्रॅम पाल्यातून एक ग्रॅम अर्क निघाला आणि सगळे विष त्याबरोबर उतरले, तर ग्रॅममागे त्याचे प्रमाण दहापट झाले. हे घट्ट करणे झाले, शुद्ध करणे नव्हे, आणि या दोन क्रियांना एकच नाव दिल्यामुळे शिकलेली माणसेही फसतात.

आयुर्वेदात भांगेचे शोधन आहे हे मला ठाऊक आहे. पाने धुऊन, वाळवून गाईच्या तुपावर परतण्याची रीत जुन्या ग्रंथांत सांगितलेली आहे. परंतु तिथे शोधनाचा हेतू द्रव्याची तीव्रता आटोक्यात आणण्याचा आहे, ती वाढवण्याचा नव्हे. औषधविषयक नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आजही आहे.

द्रावक पूर्ण उडाले की नाही हे कसे कळणार? ‘वास गेला, म्हणजे गेले’ असे उत्तर मला हमखास मिळते. औषध कारखान्यांना हेक्झेन या द्रावकाची जी आंतरराष्ट्रीय मर्यादा घालून दिलेली आहे ती दहा लाख भागांत २९० भाग एवढी आहे, आणि बेंझिनची अवघी २. असला अंश नाकाने मोजता येत नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ हे असले सूक्ष्म अंश मोजणारे यंत्र लागते आणि ते चालवणारा माणूस लागतो. हेक्झेन शरीरात गेल्यावर त्यापासून जे द्रव्य तयार होते, ते हातापायांच्या नसा मारते. चपला-बुटांच्या कारखान्यांत डिंकाच्या वाफा घेऊन बोटे बधिर झालेल्या कामगारांमुळे जगाला हे कळले. रंगाचा थिनर किंवा पेट्रोलसारखे द्रव कुणी वापरले, तर त्यांतला जड अंश कितीही वेळ ठेवला तरी पूर्ण उडत नाही.

आगीबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण ती मी पाहिली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका प्रयोगशाळेत, जिचे नाव सांगण्याचे कारण नाही, मी पेट्रोलियम ईथरची बाटली टेबलाच्या एका टोकाला ओतत होतो. बर्नर दुसऱ्या टोकाला, सुमारे दहा फुटांवर, कुणीतरी पेटता ठेवलेला होता. मला आवाज ऐकू आला नाही. निळसर ज्वाळेची एक पातळ चादर टेबलाच्या पृष्ठभागावरून माझ्याकडे सरपटत आली, आणि बाटलीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ते काय आहे हेच मला उमजले नाही. ओले पोते टाकून सहाध्यापकाने ती विझवली. उजव्या मनगटावरचा डाग अजून आहे. पंखे चालू होते, खिडक्या उघड्या होत्या, मी शिकलेला होतो, आणि बाटली फक्त अर्ध्या लिटरची होती.

लायटरमध्ये भरायचा ब्यूटेन हा त्याहूनही घातकी आहे. तो शून्याच्या आसपासच उकळतो, हवेच्या दुप्पट जड असल्याने जमिनीवर साचतो, आणि हवेत दोन टक्क्यांहूनही कमी असला तरी पेट घेतो. आता हिशेब करा. दहा फूट बाय दहा फूट खोलीच्या तळाशी एक फूट उंचीचा थर पेटता होण्यासाठी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास ब्यूटेन पुरतो. एका हातात मावणाऱ्या डब्यात तेवढा असतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम घाणेरडा वास लावलेला असतो म्हणून गळती कळते. लायटरच्या शुद्ध केलेल्या ब्यूटेनला तो बहुधा नसतो. ठिणगीसाठी काडी पेटवण्याचीही गरज नाही. खोलीतला फ्रिज आपोआप चालू होतो तेव्हा जमिनीलगत उडणारी ठिणगी पुरे, आणि पावसाळ्यात आपल्याकडे खिडक्या तर बंदच असतात. ‘थोडेच करतो’ या बोलण्याला इथे काही अर्थ उरत नाही, कारण अर्क थोडा असला तरी वायू थोडा नसतो. लॉस एंजेलिसच्या बॉइड स्ट्रीटवर १६ मे २०२० रोजी अशाच अर्काच्या धंद्याला सामान पुरवणाऱ्या एका इमारतीत स्फोट झाला, तेव्हा आग विझवायला गेलेले दहाहून अधिक जवान होरपळले.

कायद्याविषयी मी वकील म्हणून बोलत नाही, पण जे छापलेले आहे ते वाचून दाखवता येते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात चरसाची व्याख्या कच्ची किंवा शुद्ध केलेली, कोणत्याही रूपातील वेगळी काढलेली राळ अशी आहे, आणि हशीश तेलाचा त्यात नाव घेऊन समावेश आहे. म्हणजे ज्याने गांज्यातून अर्क काढला, त्याच्या हातात गांजा उरत नाही, चरस येतो. गांज्याची अल्प मात्रा एक किलोपर्यंत धरतात, चरसाची फक्त शंभर ग्रॅमपर्यंत. वीस किलोहून अधिक गांजा आणि एक किलोहून अधिक चरस एकाच पायरीवर येतात, आणि त्या पायरीवर किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. मिश्रणात मूळ द्रव्य किती हे वेगळे न काढता सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० सालचा निर्णय आहे, त्यामुळे तेलात पातळ केलेल्या अर्काचे वजन कसे धरले जाईल हे तुम्हीच पाहा. हणजूण, वागातोर, मोरजी, हरमल इथे खोल्या भाड्याने देणाऱ्या माझ्या बांधवांनी कलम २५ अवश्य वाचावे. आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. भांगेची नुसती पाने या व्याख्येत येत नाहीत, ती राज्यांच्या अखत्यारीत आहेत. औषधी उपयोगाचा प्रश्न परवानाधारक संशोधनाचा आहे. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत ते चालू आहे आणि ते व्हावे असे मला मनापासून वाटते. दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला मोजून, तपासून दिलेले औषध मिळाले पाहिजे. अमेरिकेत २०१९ साली टीएचसीच्या वेपमधून, म्हणजे वाफ ओढायच्या विजेच्या नळीतून, तेल ओढणाऱ्या अनेकांच्या फुफ्फुसांना गंभीर इजा झाली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. दोष मुख्यतः अर्क पातळ करायला घातलेल्या ई जीवनसत्त्वाच्या एका रूपाचा निघाला, जे पोटात निरुपद्रवी असते.

आता ज्यांच्या घरात हे घडून गेले आहे त्यांच्यासाठी. खोलीत वायू साचल्याची शंका आली, तर दिव्याचे बटण दाबू नका, चालू असलेले बंदही करू नका. माणसांना बाहेर काढा आणि फोन अंगणात जाऊन करा. भाजले असेल, तर अंगठी, घड्याळ लगेच काढून भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. खाल्लेल्या अर्काचा अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, आणि ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा घास घेणारेच बहुतेक वेळा रुग्णालयात येतात. लहान मुलाने चाटले असेल, तर ते नुसते झोपलेले दिसते. झोपले आहे म्हणून वाट पाहू नका, थेट बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्या. सुटू पाहणाऱ्याला कलम ६४-अ खाली उपचारांचा मार्ग आहे, आणि बांबोळीलाच मानसोपचाराची संस्थाही आहे. डॉक्टरांना काय खाल्ले, किती वाजता, आणि कोणत्या द्रावकातून काढलेले होते, ते खरे सांगा. डबा टाकून दिला असेल, तर शोधून बरोबर न्या. त्याच्यावरचे लेबल त्यांना वाचता आले पाहिजे.