ट्यूबलाइटमधली हिरवी रेघ

(दृश्य: इंदूर, रामबाग. संध्याकाळ. घरात जुनी ट्यूबलाइट लागते.)

बुटांचं रिकामं खोकं. एका टोकाला दोन ब्लेडच्या पात्यांमधली फट, दुसऱ्या टोकाला सीडीचा तिरका तुकडा, वर डोळा लावायला भोक. सकाळी विज्ञान मेळाव्यात बनवलेलं हे खोकं सहावीतल्या मुलीनं अजून हातातून सोडलेलं नाही.

"आजी, ट्यूबमध्ये हिरवी रेघ आहे!"

"अगं, ट्यूब तर पांढरी आहे."

"तू बघ तर!"

आजी चष्मा कपाळावर सारते, डोळा लावते आणि गप्पच होते. हिरवी रेघ. बाजूला एक जांभळट निळी.

मेळाव्यात हिला आधी काहीच धड दिसेना. फट रुंद होती, रंग एकमेकांत मिसळत होते. सरांनी खोकं स्वतःच्या हातात घेतलं नाही. "फट कमी करून बघ," एवढंच म्हणाले. तिनं चिकटपट्टी सोडवली, पाती सरकवली, पुन्हा चिकटवली. तिसऱ्या खेपेला रेघा सुट्या झाल्या. मला वाटतं, मेळाव्याचं सगळं मोल या तिसऱ्या खेपेत आहे. मुलांना वस्तू हाताळायला द्यावी, आणि चुकायला वेळही द्यावा.

सीडीवर एका मिलिमीटरात सुमारे ६२५ चर असतात. त्यांवरून परतताना प्रकाशातले रंग वेगळे होतात. हिरवी रेघ ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेची. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनीही पाऱ्याच्याच दिव्याचा प्रकाश वापरला होता. द्रवातून विखुरलेला तो प्रकाश त्यांनी खिशात मावेल एवढ्या वर्णपटदर्शकातून, म्हणजे या खोक्यासारख्याच रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिला. पाऱ्याच्या ओळखीच्या रेघांबरोबर तिथे नव्या रेघा होत्या. २८ फेब्रुवारी हाच आपला राष्ट्रीय विज्ञान दिन, १९८७ पासूनचा.

(दृश्य: कॅटचं फाटक. शाळांच्या बस.)

राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला इंदूरकर जुन्या इंग्रजी नावावरून अजून कॅटच म्हणतात. विज्ञान दिनानिमित्त तिथे शाळकरी मुलांना बोलावतात. आत इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवून प्रकाश मिळवणारं मोठं यंत्र आहे. १७२.५ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या मारतात, आणि चुंबक त्यांना वळवतात तेव्हा प्रकाश बाहेर पडतो. घरी खोकं घेऊन बसलेलं मूल तिथे विचारेल, "यात फट कुठे असते?" आणि तो प्रकाश प्रयोगांपर्यंत नेणाऱ्या नळीच्या वाटेवर, बीमलाइनवर, खरोखरच फटी असतात.

(दृश्य: पुन्हा रामबाग. देवघर.)

मेळावा केव्हाच संपला. आजीनं समई लावली आहे, खोकं आता तिच्या हातात.

"इथे तर नुसता रंगांचा पट्टा आहे गं. रेघा कुठे गेल्या?"