गाडी जप्त झाली, कागद कुठे आहे?

नमस्कार, श्रोतेहो.

तुमच्या स्कूटरच्या डिकीत आत्ता काय काय आहे, ते न उघडता सांगा बघू. रेनकोट, आरसी बुकाची झेरॉक्स, बाजाराची पिशवी... आणि? बहुतेकांची यादी इथेच अडते. मग कधीतरी गाडी पोलीस स्थानकाच्या आवारात महिनाभर राहून परत येते आणि एकेक गोष्ट आठवू लागते. डिकीत कपाटाची चावी होती, बँकेचं पासबुक होतं, नवं हेल्मेट हुकाला लावलेलं होतं.

मी गोव्यात, फोंड्यात वकिली करतो. गाडी सोडवायला येणारी माणसं तालांवाच्या, म्हणजे दंडाच्या चलनाच्या, रकमेवर तासभर बोलतात. ‘गाडी नेली तेव्हा पोलिसांनी काय लिहून घेतलं, त्याची प्रत कुठे आहे?’ असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. आज त्या कागदाबद्दल बोलायचं आहे.

पण आधी गाडी कुठल्या कलमाखाली गेली ते कळायला हवं, कारण ती सोडवायचं दार त्यावर ठरतं.

नो पार्किंगमधून क्रेननं उचलली, तर ते मोटार वाहन कायद्याचं कलम 127. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावणाऱ्यांना ते पाठ असायला हवं. सार्वजनिक जागी 10 तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस पडलेली गाडीही याच कलमात बसते. उचलून नेण्याचा खर्च मालकाचा. पैसे भरा, गाडी घ्या. यात फार गुंता नाही.

खरा गुंता कलम 207 मध्ये आहे. रस्त्यात अडवून गाडी ठेवून घेण्याचा अधिकार पोलिसांना इथे मिळतो, पण कारणं मोजकी आहेत. चालकाकडे लायसन्स नसणं, त्याचं वय कमी असणं, गाडीची नोंदणी नसणं, परवाना लागणारी गाडी परवान्याशिवाय चालवणं किंवा परवान्यातला मार्ग, क्षेत्र, हेतू यांची अट मोडणं. या यादीत हेल्मेट नाही. हेल्मेट नसेल तर तालांव मिळेल आणि तो मिळायलाच हवा, पण तेवढ्यासाठी 207 खाली गाडी अडकवता येत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. लायसन्स, वय किंवा परवाना यांपैकी काही कारण असेल, तर अधिकारी गाडीऐवजी नोंदणी प्रमाणपत्र ताब्यात घेऊ शकतो आणि मग त्याची पोच द्यावीच लागते. हा त्याच्या मर्जीचा भाग आहे, तुमचा हक्क नव्हे. पण विनंती करता येते, आणि नम्रपणे केलेली विनंती वादापेक्षा लवकर काम करते, हे मी कोर्टाबाहेर शिकलो. कागद घरी राहिले असतील तर मोबाईलवर डिजीलॉकर किंवा एमपरिवहन उघडून दाखवा. तेही कायद्यानं ग्राह्य आहेत.

आपल्याकडे 207 चा फटका कोणाला बसतो ते किनारी भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. पांढऱ्या नंबरप्लेटची घरची गाडी, ‘मित्राला दिलीय’ म्हणून पर्यटकाला भाड्यानं दिलेली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, भाड्याचा परवाना काढलेली गाडी ठेवणारा कर भरतो आणि शेजारचा फुकटात धंदा करतो. परवान्याशिवाय अशी गाडी चालवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंडच 10,000 रुपये आहे, कैदेची तरतूद वेगळी. अशा मालकांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही, पण त्यांच्या गाडीचीही नोंद नीट व्हायला हवी.

207 खालची गाडी सोडवण्यासाठी मालकानं कागदपत्रं घेऊन वाहतूक खात्याकडे किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो.

अपघात झाला तर कलम 136. गाडी तपासणीसाठी नेली, तर कुठे नेली ते मालकाला कळवायचं आणि सोपस्कार उरकून 24 तासांत परत द्यायची, असं कलम सांगतं. मात्र गुन्हा नोंद होऊन तीच गाडी मुद्देमाल झाली, की 24 तास विसरा. मग न्यायालयाची पायरी. जुना फौजदारी प्रक्रिया कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 497 किंवा 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून, बंधपत्र देऊन गाडी ताब्यात घेता येते.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा 1 ऑक्टोबर 2002 चा निकाल आपल्या कामाचा आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. गंमत बघा, त्यात आरोपी होते खुद्द पोलीस. ठाण्यातला मुद्देमाल बदलला, परस्पर लिलाव केला, असे आरोप त्यांच्यावर होते. न्यायालय म्हणालं, जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात काहीच अर्थ नाही. सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, हमी घ्या आणि गाडी सोडा. खटला चालेल तेव्हा गाडीऐवजी ते फोटो आणि तो पंचनामा कामी येईल. कोणीच दावा केला नाही, तर लिलाव करा. आपल्या पावसात हे किती खरं आहे! जूनमध्ये उघड्यावर ठेवलेल्या गाडीची बॅटरी चतुर्थीपर्यंत मेलेली असते, आणि समुद्राजवळ असेल तर पत्राही उरत नाही.

नव्या संहितेनं मुदतीही घातल्या आहेत. मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यावर 14 दिवसांत त्याचं वर्णनासह निवेदन आणि फोटो, त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. शिवाय कलम 105 प्रमाणे अशा जप्तीचं आणि जप्त वस्तूंच्या यादीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, मोबाईलवर केलं तरी चालतं.

पत्रादेवीची गोव्याची हद्द ओलांडून गेलात तर मात्र नियम महाराष्ट्राचे. डिकीत बाटल्या घालून इन्सुलीच्या नाक्यावर सापडलात, तर दारूबंदी कायद्याखाली गाडीही जाते, आणि मग फोंड्याच्या वकिलाला फोन करून उपयोग नसतो.

आता त्या कागदाकडे येऊ. वस्तूंची यादी हवी कशाला? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1976 साली याचं उत्तर दिलं. साउथ डकोटा राज्यातल्या व्हर्मिलियन गावात ऑपरमन नावाच्या माणसाची गाडी पार्किंगच्या दंडांपायी उचलली गेली. डॅशबोर्डवर घड्याळ दिसलं म्हणून पोलिसांनी गाडी उघडून यादी केली आणि पुढच्या खणात गांजा मिळाला. ही झडती न्यायालयानं मान्य केली. कारणं तीन: मालकाच्या वस्तू सुरक्षित राहाव्यात, पोलिसांवर चोरीचा खोटा आळ येऊ नये आणि गाडीत काही घातक असेल तर ते कळावं. पुढे 1990 साली फ्लोरिडातल्या वेल्स खटल्यात मात्र पोलिसांनी डिकीतली कुलूपबंद सूटकेस फोडली होती. बंद बॅग उघडायची की नाही याचा ठरलेला नियमच तिथे नव्हता, म्हणून तो पुरावा बाद झाला.

तो कायदा इथे लागू नाही. पण त्यातलं दुसरं कारण मला सगळ्यात पटतं. यादी पोलिसालाही वाचवते. नीट लिहिलेला पंचनामा असलेल्या हवालदाराला ‘माझा स्टिरिओ गेला’ म्हणून कोणी कोर्टात ओढत नाही.

तर गाडी नेताना हे लिहून घ्यायला सांगा: नोंदणी क्रमांक, इंजिन आणि चॅसी नंबर, मीटरवरचे किलोमीटर, आधीचे ओरखडे आणि पोचे, आरसे, स्टेपनी, बॅटरी, टेप, हत्यारं, पेट्रोल किती, चावी कोणाकडे. कोऱ्या छापील कागदावर सही करू नका. स्वतःच्या मोबाईलवर चारही बाजूंचे आणि डिकीचे फोटो काढा. गुन्ह्याशी संबंध नसलेली बॅग, औषधं, पैसे तिथेच मागून घ्या. कलम 207 गाडी ताब्यात घेण्याबद्दल बोलतं, तुमच्या पिशवीबद्दल नाही.

आणि गाडी परत घेताना घाई करू नका. ताबा पावतीवर ‘सर्व वस्तूंसह सुस्थितीत मिळाली’ असं बहुधा आधीच लिहिलेलं असतं. कितीही ऊन असो, डिकी उघडा, पंचनाम्याची प्रत हातात धरून एकेक वस्तू ताडून बघा. काही कमी असेल तर पावतीवरच तसं लिहा आणि मग खाली सही करा. सही आधी झाली, तर पंचनामा कितीही चांगला असला तरी मला कोर्टात तुमच्यासाठी काही बोलता येत नाही.

नमस्कार.