ताटातलं दिसतंय का?

नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या एक बाई दुपारचं जेवताहेत. ताटात डुकराचं मांस आणि फ्लॉवर. डॉक्टर विचारतात, काय खाताय? बाई म्हणतात, पालक. मांसाचा घास चावत असताना पुन्हा विचारलं, तर उत्तर येतं, बटाटे. डॉक्टर सगळं टिपून घेतात. त्या बाई म्हणजे ऑगुस्ट डेटर आणि टिपणं काढणारे डॉक्टर आलोइस अल्झायमर. बाईंच्या या विसरण्याच्या आजाराला पुढे डॉक्टरांचंच नाव मिळालं: अल्झायमर. त्याच्या अगदी पहिल्या नोंदींमध्ये जेवणाचं ताट आहे, हे आपण सहसा विसरतो.

स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाते, त्याला डिमेन्शिया म्हणतात; अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. आज भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत आहे. यातले बहुतेक जण घरीच असतात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ त्यांचं ताट कोणीतरी वाढतं: लेक, सून, नवरा, नाहीतर सांभाळायला ठेवलेल्या मावशी. आणि रोज तेच वाक्य ऐकू येतं, ‘‘आई, जेवा ना हो, किती वेळ झाला!’’

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल, स्टीलचं ताट, वर ट्यूबलाइट.)

हे ताट जरा निरखून बघा. चकचकीत स्टील, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. त्यावर पांढरा भात, फिकं वरण, बाजूला ओल्या खोबऱ्याची चटणी. आपल्याला हे जेवण दिसतं. पण डिमेन्शियात डोळे शाबूत असले, तरी डोळ्यांनी टिपलेल्याचा अर्थ लावणं मेंदूला जड जातं. फिक्यावरचं फिकं वेगळं काढता येत नाही. स्टीलच्या भांड्यातलं पाणी तर जवळपास अदृश्यच.

बोस्टनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. आजार खूप पुढे गेलेल्या ९ रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटल्या आणि पेले दिले. खाणं सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं, पिणं ८४ टक्क्यांनी. गडद निळ्या रंगानेही फरक पडला, फिक्या रंगांनी नाही. नऊच माणसं होती, त्यामुळे प्रत्येक घरात असंच घडेल असं नाही. पण करून बघायला खर्च किती? एका ताटलीचा. ती एकरंगी घ्या. नक्षीतली फुलं खायची समजून ती उचलू पाहणारे आजी-आजोबा अनेक घरांनी पाहिले आहेत.

दुसरं म्हणजे गर्दी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी, पापड. ताटाची डावी-उजवी बाजू आपल्याला प्रिय आहे, ती असायलाच हवी. पण ज्यांना कुठून सुरुवात करायची हेच सुचत नाही, त्यांच्यापुढे सात पदार्थ म्हणजे सात प्रश्न. आधी फक्त वरणभात, तूप घालून कालवलेला. तो संपला की भाजीपोळी. टीव्ही बंद. आणि शक्य असेल तर समोर बसून तुम्हीही जेवा. तुमचा हात तोंडाकडे गेला की त्यांचाही जातो.

(दृश्य: दोन हात, खाली लेकीचा, वर आईचा.)

हाताने जेवायची आपली सवय इथे मोठा आधार ठरते. चमचा कसा धरायचा हे विसरलेली बोटं घास करायला बऱ्याचदा विसरलेली नसतात. लेक आपला हात आईच्या हाताखाली धरते, पहिला घास दोघी मिळून उचलतात. दुसराही. तिसऱ्याला लेक हात अलगद काढून घेते आणि आईचा हात एकटाच वर जातो. रोज जमेल असं नाही, पण भरवण्याआधी ही संधी द्यायलाच हवी. एका जागी न बसणाऱ्यांच्या हातात इडलीचा, घावनाचा नाहीतर मऊ थालीपिठाचा तुकडा द्या. चालता चालता खाऊ देत. सांडलं तर पुसता येतं. सगळ्यांसमोर ‘‘किती सांडवता!’’ ऐकलेला माणूस मात्र पुढच्या वेळी ताटच ढकलतो.

आता घरातल्या बाईच्या मनाला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. तासापूर्वी जेवलेल्या सासूबाई दारात शेजारणीला सांगतात, ‘‘मला कुणी जेवायला देत नाही हो.’’ त्या खोटं बोलत नसतात. जेवल्याची आठवणच उरलेली नसते. ‘‘आत्ताच तर जेवलात’’ म्हणून वाद घालण्यापेक्षा ‘‘हो, कुकर लावलाय, तोवर हे घ्या’’ म्हणत अर्धं केळं हातात द्यावं. शेजाऱ्यांना आजार काय आहे ते एकदा नीट सांगून ठेवावं. सुनेवरचा तो डाग कुणीच मनात ठेवू नये.

अचानक जेवण तुटलं, तर हट्ट म्हणून सोडून देऊ नका. आधी तोंडात बघा: कवळी सैल झाली असेल, तोंड आलं असेल, दाढ ठणकत असेल. पोट साफ नसेल, नवं औषध सुरू झालं असेल. त्यांना हे सांगता येत नाही. वासही मंदावलेला असतो, त्यामुळे जेवण बेचव लागतं. मधुमेह नसेल तर आमटीत गुळाचा खडा थोडा मोठा घाला.

आणि ठसका. वारंवार ठसका लागणं, जेवल्यावर आवाज ओलसर घोगरा होणं, घास गालात धरून ठेवणं, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. आडवं झोपवून कधीच भरवू नका. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवा. चुरमुरे, शेंगदाणे बंद. पातळ आमटीत भाजीच्या फोडी असतील तर त्या मोडून एकजीव करा.

शेवटच्या टप्प्यात नळीने अन्न देण्याचा प्रश्न येतो. नाकातून, नाहीतर पोटातून. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने, म्हणजे वृद्धांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेने, २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की खूप पुढे गेलेल्या डिमेन्शियात नळीने भरवू नये, काळजीपूर्वक हाताने भरवावं. नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनिया टळत नाही. उलट माणूस ती उपसतो, मग हात बांधले जातात. डॉक्टरांशी हे बोलणं आधीच करून ठेवा, दवाखान्यातल्या धावपळीत नको. मऊ भाताचे चार घास त्यांनी घेतले आणि पाचव्याला तोंड मिटलं, तर तिथेच थांबा. तासाभराने पुन्हा विचारा.